मेंदूचे कार्यचित्रण : नव्या अभ्यासकाची पहिली पायरी

मानवी मेंदूचे वजन शरीराच्या एकूण वजनाच्या सुमारे दोन टक्केच असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ एक-पंचमांश ऊर्जा हा एकच अवयव वापरतो. ही ऊर्जा कोठे व कशासाठी खर्च होते, वाचताना, बोलताना, हात हलवताना मेंदूचा कोणता भाग अधिक कार्यरत होतो, हे कवटी न उघडता पाहण्याची तंत्रे विसाव्या शतकात विकसित झाली. या तंत्रांना एकत्रितपणे मेंदूचे कार्यचित्रण असे म्हणतात. स्पर्धा परीक्षांच्या विज्ञान व तंत्रज्ञान या घटकात एमआरआय, पीईटी आणि ईईजी ही नावे विद्यार्थ्यांना वारंवार भेटतात. तथापि, या यंत्रांनी नेमके काय मोजले जाते, त्या मोजमापातून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता काढता येत नाही, याची स्पष्टता अनेकदा नसते. या क्षेत्रात प्रवेश करणाऱ्या अभ्यासकाला दिले जाणारे प्रारंभिक प्रशिक्षण मुख्यत्वे याच प्रश्नांभोवती फिरते. त्या प्रशिक्षणाची रूपरेषा समजून घेतली म्हणजे या शास्त्राचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतात.

बागबाजारातील जुना धडा

उत्तर कोलकात्यात हुगळीच्या काठावर बागबाजार ही जुनी वस्ती आहे. येथील बोसपाडा गल्लीतील १६ क्रमांकाच्या घरात १३ नोव्हेंबर १८९८ रोजी भगिनी निवेदिता यांनी मुलींची शाळा सुरू केली. शारदादेवींच्या हस्ते तिचा आरंभ झाला. १८९९ मध्ये कोलकात्यात प्लेगची साथ आली, तेव्हा निवेदिता आणि डॉ. राधागोविंद कर यांनी याच परिसरात साथनिवारणाचे काम केले. १९०२ मध्ये परदेशातून परतल्यावर निवेदिता याच गल्लीत १७ क्रमांकाच्या घरी राहू लागल्या. त्यांचे शैक्षणिक व राष्ट्रीय कार्य सर्वपरिचित आहे. विज्ञानाच्या इतिहासातील त्यांचा वाटा मात्र तुलनेने कमी सांगितला जातो. जगदीशचंद्र बोस यांच्या ग्रंथांच्या लेखन-संपादनात निवेदिता यांनी मोठे साहाय्य केले होते. वनस्पतींच्या प्रतिसादावरील १९०६ चा ग्रंथ आणि तुलनात्मक विद्युत-शरीरक्रियाशास्त्रावरील १९०७ चा ग्रंथ हे त्यांपैकी होत.

बोस यांच्या प्रयोगांची पद्धत येथे लक्षात घेण्यासारखी आहे. वनस्पतीच्या ऊतीला ठराविक उद्दीपन द्यावयाचे, त्यामुळे निर्माण होणारा विद्युत प्रतिसाद संवेदनशील उपकरणाने टिपावयाचा आणि प्रतिसादाचा चढ, शिखर व पूर्वस्थितीकडे परतण्याचा उतार यांचा आलेख काढावयाचा, अशी ती पद्धत होती. उद्दीपने लागोपाठ दिल्यास प्रतिसाद कसा मंदावतो, गुंगी आणणाऱ्या द्रव्याने तो कसा बदलतो, हेही ते पाहत असत. उद्दीपन, प्रतिसाद आणि पूर्वस्थिती हा क्रम आजच्या मेंदूच्या कार्यचित्रणाचाही पाया आहे. अर्थात बोस यांनी मेंदूचे चित्रण केले नव्हते आणि त्यांच्या कामातून आजची यंत्रे थेट जन्माला आली, असेही नाही. साम्य आहे ते पद्धतीत.

याहून महत्त्वाचे साम्य वादाच्या स्वरूपात आहे. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोस यांनी आपले प्रयोग दाखविले, तेव्हा आलेखांपेक्षा त्यांच्या अर्थावरूनच अधिक वाद झाला. धातू, वनस्पती व प्राणी यांचे प्रतिसाद सारखे दिसतात, म्हणून त्यांची प्रकृतीही एकच आहे, हा निष्कर्ष तत्कालीन शरीरक्रियाशास्त्रज्ञांना मान्य नव्हता. वनस्पतींमध्ये विद्युत संदेश असतात, हे पुढे सर्वमान्य झाले. परंतु त्यांना प्राण्यांसारखी चेतासंस्था असते, हे मान्य झाले नाही. नोंद अचूक असणे वेगळे आणि तिचा अर्थ योग्य असणे वेगळे, हा बागबाजारात संपादित झालेल्या त्या ग्रंथांच्या इतिहासातून मिळणारा धडा आजच्या अभ्यासकालाही पहिल्याच दिवशी शिकावा लागतो.

मोजले जाते ते काय?

एमआरआय म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनावर आधारित चित्रण. शरीरातील पाण्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ती विशिष्ट वारंवारतेच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. ही वारंवारता एक टेस्लाच्या क्षेत्रात सुमारे ४२.६ मेगाहर्ट्झ आणि तीन टेस्लाच्या क्षेत्रात सुमारे १२८ मेगाहर्ट्झ असते. तीन टेस्ला हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे साठ हजार पट असते. या अनुस्पंदनाच्या प्रारंभीच्या संशोधनात भारतीय सहभागही होता. अल्कोहोलच्या एकाच रेणूतील वेगवेगळे हायड्रोजन अणू वेगळे संकेत देतात, हे दाखविणाऱ्या १९५१ च्या स्टॅनफर्ड येथील प्रसिद्ध शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी एस. एस. धर्मट्टी हे एक होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला. या तत्त्वावर प्रतिमा मिळविण्याची पद्धत १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी मांडली. पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली. या दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. मेंदूचे कार्य टिपण्यासाठी रक्तातील बदलाचा आधार घ्यावा लागतो. मेंदूच्या क्रियेनुसार त्याचा स्थानिक रक्तपुरवठा बदलतो, हे रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्ये मांडले होते. ऑक्सिजन वाहून नेणारे आणि ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन यांचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असतात, हे लायनस पॉलिंग व चार्ल्स कॉरयेल यांनी १९३६ मध्ये दाखविले. या दोन गोष्टींची सांगड सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून घातली. १९९२ मध्ये मानवी मेंदूवरील पहिले निष्कर्ष एकाहून अधिक प्रयोगशाळांतून प्रसिद्ध झाले. कार्यात्मक एमआरआय, अर्थात एफएमआरआय, असे या तंत्रास म्हणतात.

त्याची यंत्रणा थोडक्यात अशी आहे. मेंदूचा एखादा भाग कार्यरत झाला की तेथील रक्तप्रवाह वाढतो. ही वाढ ऑक्सिजनच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक असते. परिणामी त्या ठिकाणी ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते. हे हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात स्थानिक व्यत्यय आणत असल्याने ते घटले की संकेत किंचित वाढतो. ही वाढ सामान्यतः काही टक्क्यांपलीकडे जात नाही. शिवाय ती तत्काळ होत नाही. उद्दीपनानंतर साधारण पाच ते सहा सेकंदांनी ती शिखर गाठते आणि पूर्वस्थितीस येण्यास आणखी दहा-पंधरा सेकंद किंवा अधिक काळ लागतो. म्हणजेच, एफएमआरआय चेतापेशींचे विद्युत कार्य थेट मोजत नाही, तर त्या कार्याच्या मागोमाग येणारा रक्तातील बदल मोजते. प्रारंभिक प्रशिक्षणातील हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य मानावे लागेल.

तंत्रांची तुलना

कार्यचित्रणाची इतर तंत्रे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवावर प्रथम वापरलेल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ईईजी तंत्रात डोक्याच्या त्वचेवरून विद्युत बदल टिपले जातात. त्याची वेळेची अचूकता सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत असते. परंतु संकेत मेंदूत नेमका कोठून आला, हे सांगणे कठीण जाते. एमईजी तंत्रात मेंदूतील विद्युतप्रवाहांमुळे निर्माण होणारी अतिक्षीण चुंबकीय क्षेत्रे मोजतात. पीईटीमध्ये किरणोत्सारी द्रव्य शरीरात सोडून रक्तप्रवाह किंवा ग्लुकोजचा वापर पाहतात. त्यामुळे निरोगी व्यक्तीवर त्याचा वारंवार वापर करण्यास मर्यादा येतात. अवरक्त किरणांजवळच्या प्रकाशाने रक्तातील बदल टिपणारे एफएनआयआरएस हे तंत्र सुटसुटीत असून लहान मुलांवरही वापरता येते. पण ते मेंदूच्या पृष्ठभागापलीकडे फारसे पोहोचत नाही. एफएमआरआयची जागेची अचूकता काही मिलिमीटर इतकी असते, वेळेची अचूकता मात्र सेकंदांत असते. सारांश, कोणतेही एक तंत्र सर्वश्रेष्ठ नाही. प्रश्नानुसार तंत्र निवडावे लागते.

प्रशिक्षणाचे टप्पे

कार्यचित्रणाचे प्रारंभिक प्रशिक्षण काही दिवसांच्या कार्यशाळेपासून संपूर्ण शैक्षणिक सत्रापर्यंत वेगवेगळ्या स्वरूपात दिले जाते. त्याचे ढोबळमानाने चार टप्पे पडतात.

पहिला टप्पा सुरक्षिततेचा. एमआरआयचे अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेले असतात आणि यंत्र वापरात नसतानाही त्यांचे क्षेत्र कायम असते. लोखंडी वस्तू अशा क्षेत्रात क्षणार्धात ओढली जाते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन यंत्राच्या खोलीत गेलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. यंत्र बंद आहे, ही समजूत अशा ठिकाणी जीवघेणी ठरते. म्हणूनच नव्या अभ्यासकाला यंत्राजवळ जाण्यापूर्वी शरीरातील धातूचे रोपण, हृदयाचा पेसमेकर, खिशातील वस्तू यांची तपासणी करण्याची पद्धत शिकविली जाते. सहभागी व्यक्तीची लेखी संमती, यंत्रातील आवाजापासून कानांचे संरक्षण आणि कोणत्याही क्षणी प्रयोग थांबविण्याचा तिचा अधिकार यांचाही यात समावेश होतो.

दुसरा टप्पा प्रयोगाच्या आखणीचा. समजा, उजव्या हाताची बोटे हलविताना मेंदूचा कोणता भाग कार्यरत होतो, हे पाहावयाचे आहे. सहभागी व्यक्तीने २० सेकंद बोटे हलवावीत आणि २० सेकंद विश्रांती घ्यावी, असे सहा फेरे केल्यास प्रयोग २४० सेकंदांत पूर्ण होतो. दर दोन सेकंदांनी मेंदूची एक त्रिमित प्रतिमा घेतल्यास एकूण १२० प्रतिमा मिळतात. हालचालीच्या काळातील संकेत आणि विश्रांतीच्या काळातील संकेत यांची तुलना केली असता मेंदूच्या डाव्या बाजूच्या कारक पट्ट्यात आणि उजव्या बाजूच्या अनुमस्तिष्कात वाढ दिसणे अपेक्षित असते. कार्यचित्रणातील बहुतेक निष्कर्ष अशा वजाबाकीतून निघतात, हे येथे लक्षात ठेवावे. म्हणूनच तुलनेची अवस्था चुकीची निवडली, तर उत्तम यंत्रही उपयोगी पडत नाही. उदाहरणार्थ, वाचनाची तुलना डोळे मिटून पडण्याशी केली, तर मिळणारा फरक वाचनाचा की निव्वळ पाहण्याचा, हे सांगता येणार नाही.

तिसरा टप्पा प्रतिमांच्या पूर्वसंस्कारांचा. प्रयोगाच्या काळात डोके एखादा मिलिमीटर हलले तरी संकेत बिघडतो. श्वास, हृदयाचे ठोके व यंत्रातील संथ बदल यांचीही भर पडते. त्यामुळे सर्व प्रतिमा परस्परांशी जुळविणे, निरनिराळ्या छेदांच्या वेळेतील फरक दुरुस्त करणे, कार्याच्या प्रतिमा रचनेच्या प्रतिमेवर बसविणे, प्रत्येकाचा मेंदू एका प्रमाणित आराखड्यात आणणे आणि संकेत किंचित पसरवून गोंधळ कमी करणे, असे संस्कार क्रमाने केले जातात. यासाठी एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय या आज्ञावली जगभर वापरल्या जातात आणि शैक्षणिक संशोधनासाठी त्या विनामूल्य मिळतात.

चौथा टप्पा संख्याशास्त्राचा. हा टप्पा नव्या अभ्यासकाला सर्वांत अवघड वाटतो आणि बहुतेक चुका येथेच होतात.

बरानगरचे संख्याशास्त्र

बागबाजारहून उत्तरेकडे गेल्यास बरानगर लागते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे मुख्यालय येथे आहे. या संस्थेस १९५९ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले ‘सामान्यीकृत अंतर’ हे माप मूलतः मानवी गटांच्या शरीरमापनांची तुलना करण्याच्या प्रश्नातून आले होते. परस्परसंबंधित अशी अनेक मापे एकत्र घेऊन दोन गट एकमेकांपासून किती दूर आहेत, हे ते सांगते. आज मेंदूच्या एखाद्या भागातील शेकडो बिंदूंचा संकेत-आकृतिबंध दोन अवस्थांमध्ये किती वेगळा आहे, हे मोजण्यासाठी हेच माप वापरले जाते. कोलकात्यात घडलेले गणित अशा रीतीने जगभरच्या मेंदू-प्रयोगशाळांत पोहोचले आहे.

संख्याशास्त्राची गरज एका साध्या गणिताने स्पष्ट होते. मेंदूची प्रतिमा छोट्या घनाकृती घटकांची बनलेली असते. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक बाजू तीन मिलिमीटरची धरल्यास संपूर्ण मेंदूत सुमारे ५०,००० व्हॉक्सेल येतात. प्रत्येक व्हॉक्सेलची स्वतंत्र चाचणी घेतली आणि योगायोगाने चूक होण्याची शक्यता पाच टक्के मान्य केली, तर मेंदूत प्रत्यक्ष काहीही घडत नसताना सुमारे २,५०० व्हॉक्सेल ‘कार्यरत’ दिसतील. मर्यादा कडक करून हजारात एक इतकी केली तरी असे ५० व्हॉक्सेल उरतातच. म्हणून अनेक चाचण्यांसाठी विशेष दुरुस्ती करावी लागते.

चुकांतून मिळालेले धडे

ही दुरुस्ती न केल्यास काय होते, हे अमेरिकेतील संशोधकांनी २००९ मध्ये मार्मिकपणे दाखविले. त्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखविली’ आणि नेहमीच्या पद्धतीने विश्लेषण केले. दुरुस्तीविना केलेल्या विश्लेषणात माशाच्या मेंदूत काही व्हॉक्सेल कार्यरत दिसले. योग्य दुरुस्ती करताच ते नाहीसे झाले.

पुढील काळात आणखी गंभीर प्रश्न पुढे आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रचलित आज्ञावलींमधील काही पद्धती विशिष्ट परिस्थितीत पाच टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत खोटे निष्कर्ष देऊ शकतात, असे आढळले. २०२० मध्ये ७० संशोधन गटांना एकच माहितीसंच व तेच नऊ प्रश्न देण्यात आले. कोणत्याही दोन गटांनी तंतोतंत सारखी विश्लेषणपद्धती निवडली नाही आणि काही प्रश्नांची उत्तरेही भिन्न आली. मेंदूची रचना वा कार्य आणि व्यक्तीव्यक्तींतील बुद्धी किंवा मानसिक आरोग्याचे फरक यांचा संबंध विश्वासार्हपणे शोधण्यासाठी हजारो व्यक्तींची गरज असते, असे २०२२ मधील एका मोठ्या अभ्यासाने दाखविले. बोटे हलविण्यासारख्या ठळक कार्यांचे परिणाम मात्र थोड्या व्यक्तींमध्येही स्थिर दिसतात. म्हणजे दोष यंत्राचा नसून प्रश्न, नमुना आणि विश्लेषण यांच्या मेळाचा आहे. यावरील उपाय म्हणून गृहीतके आधी नोंदविणे, माहिती व आज्ञावली खुली करणे आणि माहिती साठविण्याचे समान नियम पाळणे हे आता प्रशिक्षणाचे आवश्यक भाग झाले आहेत.

आणखी एक तार्किक दोष विद्यार्थ्यांनी ओळखावयास हवा. हिवतापात ताप येतो. परंतु ताप आला म्हणजे हिवतापच झाला, असे म्हणता येत नाही. त्याचप्रमाणे भीती वाटताना मेंदूचा विशिष्ट भाग कार्यरत होतो, हे खरे असले तरी तो भाग कार्यरत दिसला म्हणून व्यक्ती भ्यालेली आहे, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही, कारण तोच भाग इतर अनेक कार्यांतही सहभागी असतो.

देवनागरी वाचनाचे उदाहरण

मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे एक भारतीय संशोधन येथे नमूद करता येईल. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरी वाचनाचा एफएमआरआयद्वारे अभ्यास केला आणि तो २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. देवनागरीत व्यंजनाभोवती डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली मात्रा येतात. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या डावीकडे. पण उच्चारली जाते व्यंजनानंतर. रोमन लिपीतील सरळ रेषेच्या मांडणीपेक्षा ही मांडणी वेगळी आहे. हिंदी वाचकांवरील या अभ्यासात भाषेशी निगडित असलेल्या डाव्या गोलार्धाबरोबर उजव्या गोलार्धातील भागही कार्यरत आढळले. मांडणीचे दृश्य आकलन हे त्याचे संभाव्य कारण मांडण्यात आले.

देवनागरी वाचल्याने बुद्धी तल्लख होते, असा अर्थ काही बातम्यांतून ध्वनित झाला. अभ्यासातून तसे सिद्ध होत नाही. मेंदूचा अधिक भाग कार्यरत होणे म्हणजे अधिक बुद्धिमत्ता नव्हे. त्या अभ्यासाचे खरे मोल वेगळे आहे. वाचनविषयक बहुतांश ज्ञान युरोपीय भाषांच्या वाचकांवरून आलेले असताना, भारतीय लिप्यांचा अभ्यास भारतातच होण्याची गरज त्याने अधोरेखित केली. वाचनात अडचण असलेल्या मराठी किंवा बंगाली मुलासाठी उपाय शोधावयाचे तर त्याच लिपीच्या वाचकांचा अभ्यास व्हावयास हवा.

न्यायालय आणि मेंदू

कार्यचित्रणाचा अर्थ लावण्याची चूक केवळ शोधनिबंधापुरती राहत नाही. जून २००८ मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषसिद्धीचा निर्णय देताना ईईजीवर आधारित मेंदू-संकेत चाचणीचाही आधार घेतला. घटनेचे ‘अनुभवजन्य ज्ञान’ आरोपीच्या मेंदूत आहे की नाही, हे ही चाचणी सांगते, असा दावा होता. या निर्णयाची जगभर चर्चा झाली आणि चाचणीची स्वतंत्र वैज्ञानिक पडताळणी झालेली नाही, अशी टीकाही झाली.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि मेंदू-संकेत चाचणी या संबंधित व्यक्तीच्या संमतीविना करता येणार नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न करण्याचा अनुच्छेद २०(३) मधील अधिकार आणि अनुच्छेद २१ मधील व्यक्तिगत स्वातंत्र्य हे या निर्णयाचे आधार होते. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतःहून पुरावा ठरत नाही. परीक्षार्थींच्या दृष्टीने विज्ञान आणि राज्यघटना यांचा हा संगम विशेष अभ्यसनीय आहे. संशोधनाच्या क्षेत्रात सहभागींच्या हक्कांचे रक्षण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्हावयाचे असते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय आणि २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा यांचीही पार्श्वभूमी त्यास आहे. डोक्याच्या एमआरआयमधून चेहऱ्याची ठेवण पुन्हा तयार करता येते. त्यामुळे प्रतिमा खुल्या करण्यापूर्वी चेहऱ्याचा भाग काढून टाकण्यास नव्या अभ्यासकाला शिकविले जाते.

देशातील सोयी आणि संधी

भारतात या क्षेत्राचा संस्थात्मक पाया गेल्या काही दशकांत विस्तारला. जैवतंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. बंगळूरुच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेस २०१२ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. अलाहाबाद विद्यापीठात बोधात्मक विज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये बोधात्मक विज्ञान संशोधनासाठी खास उपक्रम सुरू केला.

यंत्रांची किंमत व देखभाल हा मोठा अडथळा आहे. रुग्णालयातील यंत्रावर रुग्णांचा पहिला हक्क असल्याने संशोधनास मिळणारा वेळ मर्यादित राहतो. हेलियमसाठी देशाला आयातीवर अवलंबून राहावे लागते. पश्चिम बंगालमधील बक्रेश्वरच्या उष्ण झऱ्यांतून निघणाऱ्या हेलियमचा अभ्यास कोलकात्यातील शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ केला आहे. मात्र देशाची गरज भागविण्याइतका तो साठा नाही. या पार्श्वभूमीवर देशी यंत्रनिर्मितीचे प्रयत्न महत्त्वाचे ठरतात. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील, मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘समीर’ या संस्थेच्या पुढाकाराने दीड टेस्लाचे देशी एमआरआय यंत्र विकसित करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि त्याच्या चाचणीसाठी २०२५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी करार करण्यात आला.

तथापि, शिक्षणाच्या प्रारंभासाठी यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. जगभरातील हजारो व्यक्तींच्या मेंदूच्या, ओळख पुसलेल्या प्रतिमा आज खुल्या संग्रहांत उपलब्ध आहेत आणि विश्लेषणाच्या आज्ञावलीही विनामूल्य आहेत. बागबाजारातील, नागपुरातील किंवा कोल्हापुरातील विद्यार्थ्याला साधा संगणक, भौतिकशास्त्राची तोंडओळख, संख्याशास्त्राची पक्की बैठक आणि आज्ञावली लिहिण्याचा सराव एवढ्या बळावर या विषयाचे पहिले तीन-चार महिने उत्तम प्रकारे पार पाडता येतात. बोटे हलविण्यासारखा साधा प्रयोग घेऊन प्रसिद्ध निष्कर्ष स्वतः पुन्हा काढून पाहणे, हा सर्वांत फलदायी स्वाध्याय मानला जातो. भौतिकशास्त्र, वैद्यक, मानसशास्त्र, अभियांत्रिकी आणि संख्याशास्त्र या कोणत्याही शाखेतून येथे प्रवेश करता येतो. मात्र उरलेल्या शाखांची भाषा शिकण्याची तयारी हवी.

समारोप

मेंदूच्या रंगीत प्रतिमेचा प्रभाव मोठा असतो. ती पाहणाऱ्यास मन प्रत्यक्ष दिसल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो रंग म्हणजे रक्तातील अल्प बदलावर केलेल्या संख्याशास्त्रीय चाचणीचा निकाल असतो. आज परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी उद्या शिक्षक, प्रशासक, विधिज्ञ किंवा न्यायाधीश होतील आणि त्यांच्यापुढे अशा प्रतिमा कधी शिक्षणपद्धतीच्या समर्थनार्थ, कधी औषधाच्या जाहिरातीत, तर कधी आरोपपत्रासोबत येतील. त्या वेळी तुलना कशाशी केली, किती व्यक्तींवर केली, दुरुस्ती कोणती केली आणि संमती घेतली होती का, हे चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. हे प्रश्न विचारण्यासाठी मेंदूशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. पुण्याच्या त्या खटल्यात विज्ञानाच्या नावाने मांडलेल्या दाव्यावर एका व्यक्तीचे स्वातंत्र्य अवलंबून होते, एवढे लक्षात ठेवले तरी त्यांचे महत्त्व पटते.